नऊ दप्तरं, तेरा मुलं

खर्डीच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका वाडीवरच्या शाळेत माझी बदली झाली, तेव्हा पहिल्या दिवशीची हजेरी अर्ध्या मिनिटात संपली. सवयीने मी पुढचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि पाहते तर पान कोरं. चार इयत्ता मिळून नऊ मुलं. ती नऊही जणं माझ्याकडे शांतपणे बघत होती. आहोत ती एवढीच आहोत, आता तुमचं तुम्ही बघा, असा त्यांचा चेहरा.

माझा नवराही शिक्षक. त्याची शाळा शहापूरजवळ, हायवेच्या कडेला. तिथे पूर्वी भाताची खाचरं होती. मग गोदामं आली, गोदामांत काम करायला लांबलांबची माणसं आली, त्यांच्यासाठी चाळी उठल्या आणि चाळींमधून मुलं शाळेत यायला लागली. शाळेच्या खोल्या मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या. नवऱ्याकडे तिसरीचा वर्ग. दोघांच्या बाकावर चौघं बसायची आणि चौथ्याची अर्धी मांडी हवेत असायची. हवेतली जागा रोज कोणाची, याचं वेळापत्रक मुलांनीच केलं होतं आणि ते शाळेच्या वेळापत्रकापेक्षा काटेकोर पाळलं जायचं. खडू हातातून पडला तर नवरा तो उचलत नसे. वाकायला जागाच नव्हती.

आम्ही राहतो शहापुरात. संध्याकाळी दोघं घरी आलो की मोठी पंचाईत व्हायची. दिवसभर ओरडून नवऱ्याचा घसा बसलेला आणि मला मात्र दिवसभरात कोणी धड बोलायला मिळालेलं नसायचं. मी चहा टाकताना जी सुरू होई ती भांडी घासेपर्यंत. तो नुसती मान डोलवायचा. फार झालं की घोगऱ्या आवाजात म्हणायचा, "माझ्या वर्गातली वीस तू घेऊन जा. गोणीत भरून देतो."

मी स्वतः मुरबाड तालुक्यातली. वैशाखऱ्याला माझं माहेर. आमच्या घरात चुलत-सख्खी मिळून अकरा भावंडं एका वेळी जेवायला बसायची. आई वाढताना चेहरे बघत नसे, ताटं मोजायची. एकदा शेजारचा पोरगा आमच्यात बसून जेवून गेला आणि माझा धाकटा भाऊ उपाशी राहिला. ताटं अकराच होती, त्यामुळे आईचा हिशेब चुकला नव्हता. सांगायचं म्हणजे, पोरांची गर्दी मला नवी नव्हती. नवल होतं ते एवढ्या थोड्या पोरांचं.

वाडीतली तरुण माणसं भिवंडी-कल्याणकडे कामाला गेली होती आणि मुलं त्यांच्याबरोबर. काही आश्रमशाळेत. वाडीत उरले होते म्हातारे, कोंबड्या आणि माझे नऊ. जूनमध्ये मी घरोघर फिरून मुलं मागितली. कोणाच्या घरात लहान कपडे वाळत दिसले की मी दारात उभी. एका घरात सून पोटुशी होती. कितवा महिना म्हणून मी इतक्या आपुलकीने विचारलं, की तिची सासू म्हणाली, "बाई, त्याला शाळेत यायला अजून सा वर्सां लागतील. तवर तुमी बसा, चहा घ्या."

जुलैत लोकसंख्या दिन येतो. वरून पत्र आलं की प्रभातफेरी काढावी, घोषणा द्याव्यात, मान्यवरांचं भाषण ठेवावं आणि फोटो ग्रुपवर टाकावेत. घोषणा पत्राबरोबरच होत्या. सगळ्यांचा मथितार्थ एकच, मुलं कमी होऊ द्या.

आम्ही दहा जण निघालो. पाऊस उघडला होता. भातलावणीचे दिवस, त्यामुळे सगळी वाडी शेतावर. आम्ही बंद दारांपुढे उभं राहून लहान कुटुंबाचे फायदे ओरडून सांगत पुढे चाललो. शेवटच्या घराच्या ओट्यावर वाडीतले सगळ्यांत म्हातारे बाबा गोधडी पांघरून बसले होते. त्यांनी सगळ्या घोषणा नीट ऐकून घेतल्या. मग मला जवळ बोलावलं.

"बाई, येक इचारू? गेल्या म्हयन्यात तुमी घरोघर फिरत होता. पोरां कमी पडतात, पोरां द्या, असा सांगत होता. आज सांगता, पोरां कमी करा. आमी आता नक्की काय करायचा, ता येकदाच सांगा."

मी थोडा विचार केला आणि म्हणाले, "बाबा, हे सरकारी आहे."

त्यांनी मान हलवली. सरकारी म्हटल्यावर त्यांचं पूर्ण समाधान झालं. मी त्यांनाच मधे बसवून फोटो काढला आणि जनजागृती म्हणून टाकून दिला.

मान्यवर म्हणून मी बंगल्याच्या काकांना बोलावलं होतं. वाडीच्या खालच्या अंगाला मुलुंडच्या एका निवृत्त गृहस्थांनी जागा घेऊन बंगला बांधला होता. चार बेडरूम, पुढे बाग, मागे पोहण्याचा तलाव. काका-काकू महिन्याभराने दोन दिवस येत आणि जात. त्यांची दोन्ही मुलं परदेशात. बाकी सगळा वेळ बंगला बंद. काका स्वभावाने चांगले, फक्त त्यांना बोलायला मिळायला हवं. त्या दिवशी त्यांना नऊ श्रोते मिळाले आणि ते पाऊण तास बोलले. देशाच्या सगळ्या अडचणींचं मूळ कशात आहे, पाणी का पुरत नाही, नोकऱ्या का मिळत नाहीत. पाण्याचा मुद्दा मला पटला. भातसाचं धरण आमच्याच तालुक्यात आहे, तिथलं पाणी मुंबईला जातं आणि शहापुरात आमची बिल्डिंग टँकरची वाट बघते. मुलांना मात्र ते भाषण फारसं पोचलं नसावं. दोघं बसल्या जागी झोपली.

त्यानंतर दुसरीतल्या एका मुलीचं भाषण. मी लिहून दिलेलं, तिने पाठ केलेलं. लोकसंख्या वाढली की गर्दी होते, गर्दीमुळे सगळ्यांना त्रास होतो, इथपर्यंत ती धडाधड आली आणि थांबली.

"बाई," तिने सगळ्यांसमोर विचारलं, "गर्दी म्हंजे काय?"

खर्डीच्या बाजारात सणाच्या आदल्या दिवशी असतं ना तसं, असं मी सांगितलं. तिचा चेहरा उजळला.

"मंग ता चांगला असता की," ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. तिला सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या.

काकांनी जाताना मुलं किती, असं विचारलं. मी नऊ सांगितलं. लवकरच नऊ दप्तरं आणतो म्हणाले. शिवाय बंगल्याचा रखवालदार सोडून गेल्याचं सांगितलं. कोणी भरवशाचं असेल तर बघा म्हणाले. अट एकच, नवरा-बायको, फार तर एखादं मूल. गडबड नको.

ऑगस्टमध्ये दुसरं पत्र आलं. ज्या शाळांचा पट दहाच्या आत आहे त्यांची माहिती मागवली होती. अशी माहिती कशासाठी मागवतात हे प्रत्येक शिक्षकाला कळतं. आमची शाळा बंद करून मुलं ओढ्यापलीकडच्या शाळेला जोडायची. पावसाळ्यात त्या ओढ्याला असं पाणी येतं की बैलसुद्धा थांबून विचार करतो. माझी पहिलीतली पोरं काय ओलांडणार? ती घरी बसली असती, मग गुरांमागे गेली असती आणि संपलं.

एक मूल कमी पडत होतं. फक्त एक. आणि ते ओढ्याच्या अलीकडे कुठेच नव्हतं. पत्राची बातमी वाडीत पसरली तसे ओट्यावरचे बाबा काठी टेकत शाळेत आले.

"माजा नाव घाला," ते म्हणाले. "मी शाळंत कदी गेलोच नाय. पयलीपासून बसतो."

मी समजावलं की वयाची अट असते. ते जरा नाराज झाले. पण दुसऱ्या दिवसापासून पहिलीच्या मागे भिंतीला टेकून बसायला लागले. खिचडी मात्र घ्यायचे नाहीत. नाव नाही तर खिचडी कशी घेऊ, म्हणायचे.

त्याच आठवड्यात नवऱ्याने एक गोष्ट सांगितली. त्याच्या शाळेत चार बहिणी होत्या. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, प्रत्येक इयत्तेत एक, जणू कोणी वाटून दिल्यासारख्या. कुटुंब परभणीकडचं. बाप गोदामात माल चढवायचा, ते काम सुटलं होतं. आणि चाळीच्या मालकाने खोली सोडायला सांगितली होती, कारण एका खोलीत माणसं फार. आता ते कुठे जातील कोण जाणे, असं नवरा म्हणाला आणि चहा प्यायला लागला. माझा चहा तसाच राहिला. चार मुली. पहिली ते चौथी. आणि चार बेडरूमचा बंगला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी थेट चाळीवर गेले. आई उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत होती. मांडीवर दीड वर्षाचा मुलगा. तीस वर्षांचीही नसेल. मी कोण, कुठून आले, हे सांगून मुलं किती, असं विचारलं. तिने मान खाली घातली.

"चार लेकी हायेत, बाई. आन् हे एक."

आणि ती गप्प राहिली. मला जरा वेळाने कळलं की ती वाट बघत होती. पुढे काय येतं ते तिला पाठ होतं. दवाखान्यात, रेशनच्या रांगेत, घर शोधताना, गावच्या लग्नात, हा आकडा सांगितला की समोरचं माणूस काय बोलतं हे तिने इतक्या वेळा ऐकलं होतं, की आता ती फक्त ते संपायची वाट बघायची.

"चौघीही शाळेच्या वयाच्या?" मी विचारलं.

"हाव."

"वा," मी म्हणाले.

तिने मान वर केली. मी चेष्टा करते आहे का, हे ती बराच वेळ माझ्या चेहऱ्यावर शोधत राहिली. माझ्या तोंडावरचा आनंद काही केल्या लपत नव्हता. महिन्याभरापूर्वी मी बंद दारांपुढे काय ओरडत होते ते मला आठवलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तरी हसू गेलं नाही. तिलाही मग हसू आलं, तोंडाला पदर लावून. चार मुली ऐकून खूश झालेलं माणूस तिने पहिल्यांदाच पाहिलं असावं.

बंगल्याच्या रखवालीचं काम आणि राहायला खोली, असं सांगितल्यावर ती लगेच तयार झाली, आणि मी तिथूनच काकांना फोन लावला. भरवशाचं जोडपं आहे म्हटलं. मुलं किती, हे त्यांनी विचारलंच.

"एक लहान मुलगा आहे, दीड वर्षाचा," मी म्हणाले.

यात एकही शब्द खोटा नव्हता. पण वर्गात अर्धवट उत्तर देणाऱ्याला मी बसू देत नाही.

गणपतीच्या आधी ते कुटुंब आलं. बंगल्यामागच्या खोलीत त्यांचं सामान लागलं. चौघी दुसऱ्या दिवशी तेल लावून, वेण्या घालून शाळेत हजर. वर्गात आल्यावर त्या चौघी एकाच सतरंजीच्या एका कोपऱ्यावर, एकमेकींना चिकटून बसल्या आणि थोरलीने सवयीने अर्धी मांडी हवेत ठेवली. मी सांगितलं, पसरून बसा, जागा आहे. त्यांना ते जमेना. दोन दिवस लागले.

चौघींतली दुसरीतली पहिल्या दिवशी पाणी प्यायला उठली ती पाच वेळा. मला वाटलं, हिला बरं नाही की काय. थोरलीने सांगितलं की आधीच्या शाळेत ती दिवसभर पाणी प्यायचीच नाही. पाणी प्यायलं की मुतारीच्या रांगेत उभं राहावं लागतं, आणि रांग संपेपर्यंत एक तास जातो. इथे रांग नव्हती. त्या पोरीने तो सगळा दिवस तांब्याशेजारी काढला. संध्याकाळी मी नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा त्याने हातातला कप खाली ठेवला. त्या दिवशी त्याचा घसा बसलेला नव्हता. चार कमी झाल्या तर काही फरक वाटतो का, असं मी विचारलं. तो म्हणाला की चौघी गेल्याचं कळायच्या आत त्या जागी सहा आली.

आता अडचण होती शनिवार-रविवारची. काका यायचे त्याच्या आदल्या दिवशी रखवालदाराला फोन करायचे. फोन आला की तो मला कळवायचा. मग मी रविवारी स्कूटी काढून शहापूरहून शाळेत. चार मुलींसाठी शाळा उघडली तर बाकीची वाडी विचारणार, म्हणून सगळ्यांनाच बोलवायचं. जादा तास म्हणून जाहीर केलं. असे दोन रविवार झाले. शनिवारी शाळा असायचीच, रात्री चौघी मागच्या खोलीत चिडीचूप झोपायच्या, रविवारी सकाळी आठला डबे घेऊन यायच्या आणि काकांची गाडी रस्त्यावरून परत जाताना दिसेपर्यंत मी शिकवत राहायचे. त्या दोन रविवारांत माझ्या वर्गाचे पाढे एकोणतीसपर्यंत गेले. भिंतीला टेकलेल्या बाबांनी दुसऱ्या रविवारी विचारलं की शाळेला सुट्टी हा प्रकार बंद झाला का. मी म्हणाले, सध्यापुरता. नवरा म्हणायचा, लोक चोरीचा माल लपवतात, तू पोरी लपवतेस.

मग तो दिवस आला. बुधवार होता. सकाळीच विस्तार अधिकारी साहेब पट पडताळणीला आले. त्यांच्याकडे यादी होती आणि यादीत आमच्या शाळेपुढे नऊ लिहिलेलं होतं. त्यांनी मुलं मोजली. पुन्हा मोजली. मग भिंतीकडे बोट दाखवून विचारलं, "हे कोण?"

"हे पालक आहेत," मी म्हणाले. वाडीतल्या निम्म्या मुलांचे ते आजोबा किंवा पणजोबा लागत होते, तेव्हा हेही खोटं नव्हतं.

साहेब चौघींचे दाखले बघत होते आणि मी शेजारी उभी होते, तोच बाहेर गाडी थांबली. काका आणि काकू. फोन न करता, मुद्दाम आश्चर्याचा धक्का द्यायला. ड्रायव्हरने दप्तरांचा गठ्ठा आत आणला. निळी, नवी कोरी.

साहेबांना खुर्ची दिलेली होती, ती त्यांनी काकांना दिली. काकांनी दोन शब्द बोलायला सुरुवात केली. ते लोकसंख्येपासूनच सुरू होत. मग वाटप. पहिलीपासून एकेक मूल पुढे यायचं, दप्तर घ्यायचं, नमस्कार करायचं. नऊ दप्तरं संपली आणि समोर चार मुली उभ्या राहिल्या, हात पुढे केलेल्या.

काकांनी गठ्ठ्याखाली बघितलं, टेबलाखाली बघितलं, ड्रायव्हरकडे बघितलं.

"बाई, नऊ म्हणाला होतात ना?"

"हो, तेव्हा नऊ होती," मी म्हणाले.

"तेरा आहेत," साहेब दाखल्यांतून मान वर न करता म्हणाले. "मी दोनदा मोजली."

"तीन महिन्यांत चार वाढली?" काकांना खरंच आनंद झाला होता. ते वाकून धाकटीशी बोलले. "तू कुठून आलीस बाळ?"

पाहुण्यांनी विचारलं की ताठ उभं राहून, मोठ्याने, पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं, हे मीच शिकवलेलं. धाकटी ताठ उभी राहिली.

"आम्ही चार बहिणी आणि एक भाऊ तुमच्या बंगल्यातून आलो," ती म्हणाली.

साहेबांनीही मान वर केली. काका वाकलेलेच राहिले. मी जमिनीकडे बघत होते आणि मनात राजीनाम्यापासून माफीपर्यंत सगळी वाक्यं जुळवत होते. मग कोणीतरी हसलं. काकू हसत होत्या, खुर्चीला धरून.

त्यांना कधीच कळलं होतं. गेल्या खेपेला व्हरांड्यात एक लाल रिबीन सापडली होती आणि अंगणात खडूने आखलेल्या चौकटी. दीड वर्षाचा मुलगा लंगडी कशी खेळेल, असं त्यांच्या मनात आलं होतं. पण त्या काही बोलल्या नव्हत्या.

काका सरळ उभे राहिले. त्यांना राग आला होता, आणि तो रास्त होता. मी एवढंच म्हणाले की चूक माझी आहे, त्या कुटुंबाने तुम्हाला काही खोटं सांगितलेलं नाही, जे सांगितलं ते मी सांगितलं.

"पण एका घरात पाच?" काका काकूंकडे वळून म्हणाले. "आजच्या काळात?"

काकूंनी डोळे पुसले. "अहो, तुम्ही किती भावंडं?"

काका दप्तरांच्या गठ्ठ्याची दोरी गुंडाळू लागले.

"सात," काकूंनी आम्हाला सांगितलं. "आणि हे सहावे."

भिंतीला टेकलेले बाबा एवढा वेळ सगळं लक्ष देऊन ऐकत होते. "सावे म्हंजे बगा," ते हळूच मला म्हणाले, "थोडक्यात आले, नायतर रायलेच असते."

काकांनी ते ऐकलं की नाही, मला माहीत नाही. ते बाहेर जाऊन थोडा वेळ गाडीपाशी उभे राहिले. काकू त्यांच्याजवळ गेल्या. दोघं काय बोलले ते आम्हाला ऐकू आलं नाही. आत येऊन काकूंनी सांगितलं की ते लोक राहू देत, एवढ्या मोठ्या घरात कोणाचा तरी आवाज हवाच, फक्त तलावाजवळ मुलींना एकट्या सोडायचं नाही. काकांनी त्यावर मान हलवली आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाले की पुढच्या वेळी मला पूर्ण सांगत चला. मी हो म्हणाले. तेव्हापासून त्यांना मी सगळं पूर्ण सांगते, इतकं की ते कंटाळतात.

साहेबांनी शेऱ्यात तेरा लिहिलं. त्यांची बंद करायच्या शाळांची यादी त्यामुळे पुन्हा टाइप करावी लागणार होती, आणि त्याबद्दल ते जाताना थोडे कुरकुरले. पण स्कूटरला किक मारताना म्हणाले, "बाई, ओढा मीही बघून आलोय. बरं झालं." चार दप्तरं पुढच्या आठवड्यात आली. निळी मिळाली नाहीत, ती लाल होती. लाल दप्तर आपल्याला का नाही, यावरून बाकीच्या नऊ जणांनी दोन दिवस मला छळलं. काका अजूनही येतात, बिस्किटं वाटतात, आणि वाटताना दोनच मुलं कशी बरी ते सांगतात. चौघी बहिणी पहिल्या रांगेत बसून ऐकतात. त्यांना ते भाषण आता पाठ आहे.

थंडी सुरू झाली तेव्हा एक दिवस शाळा सुटताना मुलींची आई दारात उभी होती. शहापूरच्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशनचं शिबिर होतं. पोरं बंद करायचं ऑपरेशन. तिला माझ्याबरोबर यायचं होतं. नवऱ्याला सांगितलं का, असं मी विचारलं. सांगितलं, ती म्हणाली. तो हो म्हणाला. मुलगा झाल्यावर त्याचं काही म्हणणं उरलं नव्हतं. नाही म्हणाला असता तरी ती येणारच होती.

मी तिला यातलं काही सांगितलेलं नव्हतं. लोकसंख्येवर एक शब्द नाही. खरं तर मला तोंडच नव्हतं. तिच्या चार मुलींमुळे माझी शाळा उभी होती, मी तिला काय शिकवणार? शिबिराच्या दिवशी सकाळी ती माझ्या मागे स्कूटीवर बसली, मधे मुलगा. हायवेला लागल्यावर वाऱ्यामुळे मोठ्याने बोलावं लागतं, तसं ती माझ्या कानाशी म्हणाली, "बाई, पाची लेकरं झाली ती घरच्यांच्या मनानं. हे माझ्या मनानं."

मी आरशात बघितलं. ती पुढे रस्त्याकडे बघत होती.

दवाखान्यातली नर्स मायाळू होती. मुलं किती विचारलं, लिहून घेतलं, पुढे काही बोलली नाही. आत जाताना मुलींच्या आईने मुलगा माझ्याकडे दिला. मी बाकड्यावर बसले. आम्हाला एकच मुलगी, आणि ती आता आठवीत, त्यामुळे एवढं लहान मूल धरायची सवय गेलेली. त्याने आधी माझं पेन घेतलं, मग चष्मा, आणि मग शांतपणे माझी साडी ओली केली. मी त्याला उचलून धरलं आणि मनातल्या मनात बोटं मोजली. दीड वर्ष म्हणजे अजून साडेचार. तोपर्यंत चौघीही चौथीच्या पुढे जातील, खर्डीच्या शाळेत. पट खाली येणार. हा आला तर एक भरून निघेल.

बाकड्यावर शेजारी एक वयस्क बाई बसली होती. ती बराच वेळ आमच्याकडे बघत होती.

"नातू का?" तिने विचारलं.

माझे केस पुढून पांढरे झाले आहेत, हे मला मान्य आहे. तरी मी चाळिशीत आहे. "नाही," मी म्हणाले, "विद्यार्थी."

तिने त्या दीड वर्षाच्या पोराकडे पाहिलं, माझ्या ओल्या साडीकडे पाहिलं आणि ती बाकड्यावर थोडी पलीकडे सरकून बसली.